अस्तंब्यावरून दिसणारा दिवा

फुई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. थंडीच्या दिवसांत नंदुरबारला वारा फिरला, की गावाबाहेर पथारींवर वाळणाऱ्या मिरचीचा ठसका थेट घरात येतो. त्या सकाळी मी खोकून बेजार झाले होते, डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि तशातच तिच्या मुलाचा, भावेशचा, फोन आला. "ताई... आई गयी," एवढंच तो म्हणाला. झोपेतच गेली होती. रडू कधी सुरू झालं आणि ठसका कधी थांबला ते मलाच कळलं नाही. फुईने पाहिलं असतं तर म्हणाली असती, मेलं, रडायलाही हिला मिरची लागते.

फुई म्हणजे माझी आत्या, वडिलांची मोठी बहीण. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. आमची माणसं कधीकाळी गुजरातेतून येऊन तापीकाठी स्थिरावली. घरात गुजरी, बाजारात अहिराणी आणि शाळेत मराठी, अशी आमची तीन दगडांची चूल. फुई मात्र रागावली की फक्त अहिराणी बोलायची, आणि ती बहुतेक वेळ रागावलेलीच असायची. तिचं घर तापीच्या अलीकडे का पलीकडे हे सांगून काय करायचंय, पण गच्चीवर उभं राहिलं की दक्षिणेला केळीच्या बागा आणि उत्तरेला सातपुडा. आकाश स्वच्छ असलं तर त्या सगळ्या निळ्या गर्दीत एक सुळका वेगळा दिसतो. तो अस्तंबा. तिथे अश्वत्थामा राहतो असं आमच्याकडे लहान मूलही सांगेल. कपाळावरची जखम भरत नाही म्हणून तो रानात भटकतो आणि भेटेल त्याच्याकडे तेल मागतो. म्हणून दिवाळीत लोक चालत तिथे जातात, आणि जाताना बाटलीभर तेल नेतात.

फुवा दरवर्षी जायचे. गावातल्या पुरुषांचा एक कळप होता, धनत्रयोदशीच्या आधी निघायचा आणि पाय सुजवून परत यायचा. बायकांनी दशम्या करायच्या, लसणाची चटणी कुटायची, तेलाची बाटली भरून द्यायची आणि घरी बसायचं. बाकीचे लोक रात्रीतून चढून पहाटे माथा गाठतात. फुवांची मंडळी मात्र दिवस मावळता मावळता वर पोचायची, आणि त्याचं कारण फुवा मोठ्या रुबाबात सांगत. लग्नानंतरच्या पहिल्याच यात्रेला ते नव्या नवरीला म्हणाले होते, तू गच्चीवर दिवा लाव, मी वरून बघेन. फुईने लावला. फुवा परत आले आणि म्हणाले, "दखायना! सगळा मुलूख काळा, अनि आपला एक दिवा." दिसला म्हणे! झालं. त्यानंतर दरवर्षी धनत्रयोदशीला तिन्हीसांजेला फुई गच्चीच्या उत्तरेकडच्या कठड्यावर पितळी दिवा ठेवून वात विझेपर्यंत तिथेच बसायची. लहानपणी दिवाळीला मी तिच्याकडे असले तर तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्या काळ्या डोंगराकडे बघायचे. फुवा आत्ता आपल्याकडे बघतायत, असं ती कुजबुजायची, आणि मी उगीच फ्रॉक सारखा करायचे. गावात वीज आली, मग ट्यूबलाइट आले, मग हायमास्ट आले... उजेडाच्या त्या बाजारात दिवा कुठला दिसणार, असं फुवांना कुणी छेडलं तर ते म्हणत, आपल्या घरचा उजेड माणूस ओळखतो हो. हे ऐकून फुई पदराआड हसायची. असल्या गोष्टीवर ती हसायची, हे तिच्या सुनेलाही खरं वाटत नसे.

फुवा गेले आणि पुढच्या दिवाळीच्या आधी फुईने जाहीर केलं, "मी अस्तंब्याले जासू." भावेशने समजावलं, मी समजावलं. गावातल्या बायका जात नाहीत, तुझं वय काय, गुडघे काय... "बायासनी जावानं नही, आसं कोनी सांगं?" तिने विचारलं. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं हेही खरंच. मग आवाज खाली आणून म्हणाली, "इतला वरीस मी दिवा लावा. वरथून कसा दखास ते मले एकदाव दखू द्या." तिला बाकी काही नको होतं. नवस नव्हता, पुण्य नको होतं. नवऱ्याने आयुष्यभर जे पाहिलं ते तिला एकदा त्याच जागी उभं राहून पाहायचं होतं. धनत्रयोदशीला दिवा लावायचं काम सुनेकडे, हेतलकडे, सोपवलं. त्याच्या सूचना इतक्या वेळा दिल्या की हेतलने शेवटी हात जोडले.

तळोद्याहून आम्ही चौघं निघालो. फुई, भावेश, मी आणि आमचे हे. भावेशने आईसाठी सुरतहून पाठीवरची सॅक आणली होती. फुईने ती पोटावर अडकवली, कारण पाठीमागून कुणी काही काढलं तर कळणार कसं! तेलाची बाटली त्यात, हात सॅकवर, आणि तोंड चालू. पण कोठार गाव मागे पडलं, देवनदीचं पाणी पुन्हापुन्हा आडवं यायला लागलं, आणि ती हळूहळू गप्प झाली. त्या वाटेवर माणूस गप्पच होतो. सागाची पानं ओली, दरडीवर कसलीशी पिवळी फुलं, पुढे कुठेतरी "अश्वत्थामा महाराज की जय" आणि बऱ्याच वेळाने कुठून तरी त्याचं उत्तर. धुकं उतरलं की पुढचा माणूस नाहीसा व्हायचा आणि त्याच्या चपलांचा आवाज तेवढा राहायचा. आपण चालतोय की रानच आपल्या अंगावरून मागे सरकतंय, असं वाटायचं. एका वळणावर फुई थांबली आणि सागाच्या एका बुंध्याला हात लावून उभी राहिली. दम लागला का, मी विचारलं. "नही वं," ती म्हणाली, "त्या आठे टेकत व्हतीन." फुवा इथे टेकत असतील! मग सगळ्या वाटेवर तिचं हेच सुरू झालं. इथे पाणी प्यायले असतील, इथे विडी ओढली असेल. नवरा गेल्यावर त्याच्याबरोबर फिरायला निघालेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

मुक्काम माथ्याखालच्या पाड्यात, रुमशादादा पावरा यांच्याकडे. फुवा दरवर्षी त्यांच्याच अंगणात उतरायचे, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. कुडाच्या भिंती, कणसांच्या माळा, अंगणात एक मोठा मोह. दादांनी फुईला ओळखलं नाही, पण फुवांचं नाव सांगितल्यावर उठून उभे राहिले. ते गेल्याचं ऐकून पुन्हा खाली बसले. फुईने दशम्या सोडल्या, त्यांच्या घरून मक्याच्या भाकरी आल्या. खाता खाता फुई म्हणाली, उद्या वर कुठल्या जागी बसायचं ते दाखवा, ते बसायचे ती जागा.

"वर?" दादा म्हणाले. "पाटील वर कधी गेला? तो तर इथंच बसायचा. त्या मोहाखाली."

भावेशने त्यांना खूण करायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. दादा सांगत गेले, शेवटच्या चढावर एका बाजूला तुटलेला कडा आहे. पहिल्या वर्षी फुवांनी तिथून खाली पाहिलं आणि भोवळ येऊन बसले. त्यानंतर दरवर्षी यायचे, तेलाची बाटली दुसऱ्याच्या हाती वर पाठवायचे आणि मोहाखाली बसायचे. "दिवस बुडाला की तिकडं तोंड करायचा," दादांनी दक्षिणेकडे हात केला. तिकडे समोर दुसरा डोंगर आडवा होता. त्यापलीकडचं काहीच दिसत नव्हतं. "मी म्हणायचो, पाटील, काय बघतोस? म्हणायचा, घर."

फुईच्या हातातला घास तसाच राहिला. मला वाटलं आता ही रडणार. पण ती हसायला लागली, आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "लबाड माणूस! इतला वरीस मन्हं तेल जाळं!" मग एकदम उठली, मोहाखाली गेली आणि त्या डोंगराकडे तोंड करून बसली. आम्ही कुणी जवळ गेलो नाही. अंगणात दादांची शेळी रवंथ करत होती आणि लांबवर यात्रेकरूंचे ढोल वाजत होते.

दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीच्या दुपारी, आमचे हे म्हणाले, आता वर जायचं काय राहिलं? देवाला तेल दादांकडे द्यावं आणि परतावं. फुईने चपला घातल्या. "आते ते जानंच पडी," ती म्हणाली. "त्या गया नहीत. घरमाईन कोनीतरी वर जावाले पायजे ना?" त्या कड्यापाशी तिने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी मनगटात रुतली. तिलाही गरगरत होतं, नंतर कधीतरी तिने कबूल केलं. पण ती चालत राहिली, डोळे अर्धे मिटून, सॅक पोटाशी धरून.

माथ्यावर पोचलो तेव्हा सूर्य नुकताच गेला होता. तिने देवापाशी तेल वाहिलं, हात जोडले आणि लगेच दक्षिणेकडे वळून दगडावर बसली. उत्तरेला कुठेतरी नर्मदा आहे, मागे वळून बघ, असं मी म्हटलं तर ऐकूही गेलं नाही. खाली सगळं धुरकट होतं. मग त्या धुरकटात उजेड उमलायला लागले... एक, मग पुष्कळ, मग इतके की जमीन कुठे संपते आणि आकाश कुठे लागतं ते कळेना. जणू आम्ही पाण्यावर तरंगत होतो आणि खालीही चांदण्या होत्या. तळोदा, शहादा, कारखाना, मोबाइल टॉवरचे लाल ठिपके. त्यात एक पितळी दिवा? एखादं अख्खं गाव ओळखता येत नव्हतं. भावेश बोटाने दाखवायला लागला, आई ते बघ, त्या तिथे... "गप बठ," ती म्हणाली. ती बघत राहिली. अंधार दाटला, वारा सुटला, तरी ती बघतच होती. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, आणि दिसावं असंही मला वाटत नव्हतं.

तेवढ्यात भावेशच्या फोनला कुठून तरी रेंज आली आणि हेतलचा फोन वाजला. ती काही बोलायच्या आत फुईने फोन ओढून घेतला. "दखायना माय, दखायना! कसा चमचम करी ऱ्हायना!" आणि फोन ठेवून दिला. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "चाला, उतरा." तो विषय आम्ही तिघांनी तिच्यापुढे पुन्हा कधी काढला नाही. ती मात्र गावभर सांगत फिरली, की नवरा सांगायचा तस्साच दिसतो हो दिवा. पुढे दरवर्षी धनत्रयोदशीला तीच पुन्हा दिवा लावायला लागली.

फुईचं सुतक फिटलं, आणि गंधमुक्तीच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी आणि हेतल गच्चीवर गाद्या गोळा करायला गेलो. हवा स्वच्छ होती, अस्तंबा दिसत होता. हेतल कठड्याला टेकून उभी राहिली. "ताई, त्या दिवशी मी दिवा लावलाच नव्हता," ती म्हणाली. तिची धाकटी मुलगी जिन्यावरून पडली होती, कपाळाला खोक पडली होती. शेजाऱ्याच्या गाडीने ती पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. तिथूनच फोन केला होता, नवऱ्याला सांगायला, आणि सासूबाईंची माफी मागायला. पण बोलायच्या आधीच दिवा दिसला होता. "मी कसं सांगणार? एवढ्या खुशीत होत्या... ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही."

मग मीही सांगितलं, की वरून काहीच दिसलं नव्हतं. आणि मोहाच्या झाडाचंही सांगितलं, कारण फुईने ते घरात कधी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघी हसलो की रडलो, आता नीट आठवत नाही. मग ती म्हणाली, "म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. परत आल्या तेव्हा पाय धुवायच्या आधी इथे वर आल्या होत्या, ताई. मी जिन्यात उभी होते. दिवा तसाच भरलेला, वात कोरी. त्यांनी बोट लावून पाहिलं. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. त्यांनी दिव्यातलं तेल खाली नेऊन बरणीत ओतलं, धाकटीच्या कपाळावरची पट्टी पाहिली, आणि म्हणाल्या, चाल, चहा ठेव."

हे ऐकल्यावर मला माझी फुई कळली, असं मी म्हणणार नाही. पण रागावलेल्या त्या बाईवर मी इतकं प्रेम करत होते हे मला तिथे, गाद्यांच्या ढिगावर बसून, कळलं आणि ते तिला कधी सांगितलं नाही याचं फार वाईट वाटलं.

भावेश जिन्याने वर आला. आमचे लाल डोळे त्याने पाहिले, पण विचारलं नाही. तो डोंगराकडे बघत कठड्यापाशी गेला. "येत्या दिवाळीला मी जाईन म्हणतो," तो म्हणाला.

"जा," हेतल म्हणाली. "मी दिवा लावते."

भावेशने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. एक गादी उचलून खांद्यावर घेतली आणि जिना उतरता उतरता म्हणाला, "दिसला की लगेच फोन करतो."