आबांच्या पडवीत अडकलेली कादंबरी

लाकूड घासलं की भुसा पडतो आणि चारजण बसले की किस्से. भुसा निदान झाडता तरी येतो! सावंतवाडीत आबांच्या पडवीत दोन्ही ढिगाने आहेत. आबा लाकडी फळं करतात आणि रंगवतात. दुपारी त्यांचं दुकान बंद असतं, तेव्हा आम्ही हौशी मंडळी तिथे जमतो. मी खरं तर कादंबऱ्या लिहिते. पण नव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण काही केल्या सुटेना, तेव्हा "हात गुंतव, डोकं सुटेल" म्हणत शेजारच्या सुलूताईंनी मला तिथे नेलं. त्या निवृत्त शिक्षिका. हातात कायम क्रोशाची सुई!

*

पहिल्याच दिवशी मी जीव ओतून आंबा रंगवला. आबांनी चष्मा वर करून पाहिलं.

"भोपळो बरो झालो हा गो!"

"आबा, तो आंबो आसा!"

"मगे आधी सांगूक नको?"

*

दार उघडं दिसलं म्हणून एकदा पुण्याचे एक पाहुणे आत आले आणि त्यांनी नेमका तोच आंबा उचलला. "हापूस की पायरी हो?"

आबा गंभीरपणे म्हणाले, "ह्यो आमच्या लेखिकेचो. शेवटाक काय निघतला, ता तिकाच म्हायत नाय!"

*

सुलूताईंनी घरातल्या टीव्हीला, मिक्सरला, फोनला, अगदी गॅस सिलिंडरलाही विणलेले झगे घातले. त्यांचे यजमान पडवीत येऊन कुरकुरले, "आता घरात उघडो मीच रवलंय!"

बोलायला नको होतं. आठवड्याभरात ऐन एप्रिलात ते विणलेली कानटोपी घालून मासळीबाजारात दिसले. घामाने निथळत होते, पण टोपी काढायची हिंमत नव्हती.

*

मग सगळ्यांनी कादंबरीची चौकशी केली. मी सांगितलं, नायिका मालवणच्या धक्क्यावर उभी आहे. होडीत चढावं की घरी परतावं, तिचं ठरत नाहीये.

"कधीपासून उभी आहे?" सुलूताई.

"गणपतीपासून."

"अगो, मग बसव तिला! पाय दुखले असतील बिचारीचे!"

घरी जाऊन मी तिला खरंच एका बाकावर बसवलं. कादंबरी तेवढीच पुढे सरकली!

*

प्रकाशकांचा फोन आला तेव्हा माझ्या हातात व्हार्निशचा ब्रश होता. "काय, कुठवर आलंय?"

"शेवटचा हात फिरवतेय," मी म्हटलं. अगदी खरं होतं, हातातला लाकडी काजूगर चमकत होता.

संध्याकाळी त्यांची जाहिरात फिरली, कादंबरी पुढच्या महिन्यात येतेय! शब्द गेला तर कुठल्या तोंडाने त्यांच्यासमोर उभी राहणार होते?

*

दुसऱ्या दिवशी माझा चेहरा पाहून आबांनी ब्रश खाली ठेवला. "गाराणा घालूया." आमच्याकडे काम अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. नारळ आला, सुलूताईंचे यजमान आले, शेजारचे दुकानदारही आले. कादंबरीसाठी एवढी माणसं हात जोडून उभी! मला भरून आलं.

आबांनी सूर लावला, "बा देवा म्हाराजाऽ! ह्या लेकरान जी कादंबरी हातात घेतली हा, ती पुरी करून घे रे म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"धक्क्यार बसलली हा त्या बायेक खंय तरी मार्गाक लाव रे म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" माझे डोळे मिटलेले, आवाज चढत चाललेला.

"आणि हिच्या हातात पेन ऱ्हवांदे, पण ब्रश कायमचो सुटांदे रे म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.