लोड हवेत आहे

कशाच्याही खालून जाण्याआधी ते थांबायचे. टोपीच्या कडेला दोन बोटं लावून मान मागे टाकायचे, वर नीट बघायचे आणि मगच पाऊल उचलायचे. बरोबर कोणी असलं तर विचारायचे, “वर बघितलंत?”

इकडे आखातात, मुसफ्फाला, आमच्या कंपनीचं फॅब्रिकेशन यार्ड आहे. तिथे क्रेनला लोखंडाचे भार बांधणाऱ्या टोळीचे ते फोरमन. मी एचआरमध्ये. मूळचे ते लांज्याजवळच्या एका गावचे. बायको गावी, स्वतः इथे कामगारांच्या कॅम्पमध्ये. त्यांचं नाव आमच्या कागदपत्रांत होतं, पण क्रेनवरच्या पठाणापासून आमच्या मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना फोरमनच म्हणत. मीही तेच म्हणते.

एकदा मोठ्या क्लायंटची माणसं यार्ड बघायला आली होती. मॅनेजर त्यांना घेऊन झपाझप निघाले, तर फोरमन हात आडवा करून वाटेत उभे. “लोड हवेत हाय, साहेब.” भार खूप लांब होता. तरी सुटाबुटातली सगळी माणसं पाच मिनिटं उन्हात उभी राहिली. मॅनेजरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. फोरमनचं लक्ष मात्र भारावरच होतं. तो जमिनीला टेकला तेव्हा ते बाजूला झाले आणि म्हणाले, “खलास. आता जावा.”

दिवाळीला अल बर्शातल्या एका हॉलमध्ये आम्ही मराठी मंडळी जमलो होतो. फोरमन इस्त्रीचा शर्ट घालून आले. बसण्याआधी त्यांनी छताकडे बघितलं, वर झुंबर होतं. त्यांनी आपली खुर्ची उचलून दोन हात सरकवली आणि शेजारच्या अनोळखी आजोबांचीही, आजोबांसकट. माझी मुलगी जुई, तेव्हा तेरा वर्षांची, हसून हसून बेजार झाली. “आई, ही इज सो क्यूट!”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांच्यावर हसतो आणि त्यांच्याच भरवशावर बिनधास्त फिरतो.

यार्डात येण्याआधी त्यांनी सात वर्षं पूर्वेकडच्या डोंगरांत, दगडाच्या खाणीवर काढली होती. तो भाग त्यांना तळहातासारखा माहीत. इथे डोंगरातल्या कोरड्या नदीपात्राला वाडी म्हणतात. त्यावर त्यांचा ठरलेला विनोद होता. “आमच्याकडे वाडीत माणसं ऱ्हातात. इथल्या वाडीत पाणी ऱ्हातं, आणि ते घरी कधी येईल सांगता येत नाय.”

त्याच डोंगरांत, हत्ता गावाच्या पलीकडच्या अशाच एका वाडीत, अरुंद घळीत, आमच्या ऑफिसची सहल दर हिवाळ्यात जायची. पहिल्यांदा फोरमन आले तेव्हा बिर्याणीचं झाकण नुकतंच उघडलं होतं. ते एकदम ओरडले, “यल्ला, सगळे वर! सामान ऱ्हाऊ द्या!” आम्ही घाबरून कडेच्या उतारावर चढलो. तासभर बसलो. खाली काही आलं नाही. एक बकरी आली आणि तिने आमचं सॅलड खाल्लं.

“फोरमन, आपका मान्सून किधर है?” मॅनेजरांनी विचारलं. त्या दिवसापासून त्यांचं नाव मान्सून पडलं. कँटीनमध्ये ते दिसले की कोणीतरी छत्री उघडल्याचा अभिनय करायचं. तेही हसायचे. “नाय आलं ते बरंच झालं,” एवढंच म्हणायचे.

परतताना बसमध्ये मी त्यांना विचारलं होतं की एवढं का घाबरलात. ते खिडकीबाहेर बघत राहिले. “खाणीवर असताना एक पिकअप गेली. दोघं होते आत. ऊन पडलेलं होतं, मॅडम. पाऊस लांब डोंगरात, दिसत पण नव्हता.” मग हाताने पुसल्यासारखं केलं. “खलास.”

पुढच्या जानेवारीत पुन्हा सहल ठरली. आखणी माझ्याकडे होती. मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं, “उसको बोलो, इस बार ड्रामा नहीं. हेड ऑफिसवाले भी आ रहे हैं.”

मी यार्डात जाऊन फोरमनना गाठलं. हसत हसतच सांगितलं की या वेळी जरा लोकांना मजा करू द्या. त्यांनी हातमोजे काढले, एकावर एक ठेवले.

“मग मला नेताच कशाला?”

“तुमच्याशिवाय सहल होते का?”

त्यांनी हातमोजे परत चढवले. “बरं,” म्हणाले. “बोलणार नाय.”

पाऊस असताना वाडीत उतरायला मनाई आहे, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या दिवशी आभाळ निळंशार होतं. फक्त फार लांब, ओमानच्या बाजूच्या डोंगरामागे, एक करडी रेघ होती. मी ती पाहिली होती. धुरळा असेल असं मला वाटलं, किंवा वाटून घेतलं.

घळ सुंदर होती, हे खोटं कशाला सांगू? दोन्ही बाजूंना काळे, गंजक्या रंगाचे कडे आणि त्यांत गोल गोल दगड एकमेकांवर रचलेले, गोदामात पोती रचावीत तसे. मध्ये हिरव्या पाण्याचे डोह. जुई माझ्याबरोबर आली होती; ऊदमेथातल्या शाळेत तिला हे नुकतंच शिकवलं होतं. तिने फोरमनना थांबवून समजावलं, “अंकल, धिस वॉज लाव्हा. समुद्राच्या खाली बाहेर आला अँड इट फ्रोझ लाइक पिलोज.”

फोरमननी एका गोल दगडावर तळवा ठेवला. “म्हंजे उकळतं होतं, आणि पाण्यात येऊन असं झालं?”

“येस!”

“काय आवाज झाला असंल,” ते म्हणाले.

बाराच्या सुमाराला गाणी सुरू झाली. हेड ऑफिसचे पाहुणे टाळ्या वाजवत होते. मी कागदी ताटं मांडत होते, तेव्हा फोरमन माझ्याजवळ येऊन उभे राहिले. आवाज अगदी खाली.

“मॅडम, बोलू नको म्हणालात म्हणून फक्त तुम्हालाच सांगतो. डोहात काटक्या आल्यात. मघाशी नव्हत्या. आणि वारा वरनं येतोय, थंड.”

मी डोहाकडे बघितलं. हिरव्या पाण्यावर गवताची काडी आणि थोडा फेस हळू फिरत होता. काडीच ती. मॅनेजर माझ्याकडे बघत होते, फोरमनकडे बघत होते.

“जेवणं झाली की निघूच,” मी म्हणाले. “वीस मिनिटं.”

“वीस मिनिटं,” ते म्हणाले. मग आजूबाजूला बघितलं. “पोरगी कुठाय?”

जुई दगडांचे फोटो काढायला वरच्या वळणाकडे गेली होती. मी बोट दाखवलं. ते तडक तिकडे निघाले. पन्नाशी उलटलेला माणूस, त्या दगडांवरून पळत होता. मला आठवतं, तेव्हा मला राग आला होता. आता हे पुन्हा सगळ्यांना घाबरवणार, असं मनात आलं होतं.

आधी पाणी दिसलं नाही. आधी आवाज आला, डंपरमधून खडी ओतताना येतो तसा. खडी ओतून संपते, हा आवाज संपेना. गाणं थांबलं. मॅनेजर म्हणाले, “क्या है ये?” आणि मग कोणी काही विचारलं नाही. सगळे उताराकडे धावले. मी जुईचं नाव घेऊन उलट्या दिशेला धावले. आमच्या क्रेनवरच्या पठाणाने माझा दंड धरला आणि मला ओढत वर नेलं. मी त्याला मारत होते.

पाणी वळणावरून आलं ते मातीच्या रंगाचं होतं, पुढे झावळ्या आणि एक निळा ड्रम. आमची ताटं, पातेली, गालिचे, सगळं एका क्षणात दिसेनासं झालं. जिथे पाच मिनिटांपूर्वी मी वाकले होते तिथे माणूस बुडेल एवढं पाणी होतं.

समोरच्या कड्यावर, त्या गोल दगडांच्या रांगेत, जुई दिसली. फोरमन खाली होते, छातीपर्यंत पाण्यात, आणि तिला दोन्ही हातांनी वर ढकलत होते. ती चढली. मग पाण्यातून एक मोठा धोंडा गडगडत आला. तो पायावर आदळला ते दिसलं नाही, त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. जुईने त्यांचा शर्ट पकडला. ते कसे वर आले, ते तिलाही सांगता येत नाही.

अडीच तास ते दोघं त्या फळीएवढ्या जागेवर बसले होते. मधून पाणी वाहत होतं आणि आवाजामुळे आम्हाला अलीकडून त्यांच्याशी बोलता येत नव्हतं. मी नुसती हात वर करून उभी होते. शेवटी बचाव पथकाची माणसं दोर घेऊन आली.

वर काय बोललात, असं मी जुईला नंतर विचारलं. ती म्हणाली, “ते मला म्हणाले, ते लाव्हाचं परत सांग. मला नीट कळलं नाही. मी सांगितलं. मग म्हणाले, परत सांग. फोर टाइम्स, आई.” ते तिच्याकडे पाठ करून, एका कुशीवर कलून बसले होते. पाय तिला दिसू नये म्हणून. तिला तो खाली उतरवताना दिसला.

गुडघ्याचा चुरा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, पायऱ्या नाहीत, शिडी नाही, जड काम नाही. आमच्या भाषेत त्याचा अर्थ अनफिट. परतीचं तिकीट.

त्याआधी चौकशीचा कागद आला. तो भरायचं काम माझंच. एका रकान्यात विचारलं होतं, घटनेपूर्वी कोणी धोक्याची सूचना दिली होती का? मॅनेजरांनी दार लावून घेतलं. “किसी को पता नहीं था. नैचरल चीज़ है. आपने ही तो ऑर्गनाइज़ किया था, राइट?” ते शांतपणे म्हणाले. माझी नोकरी, तिच्यावरचा व्हिसा, त्या व्हिसावर जुईची शाळा. त्यांना यातलं काही उच्चारावं लागलं नाही.

मी कागद घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. फोरमन उशीला टेकून बसले होते. मी त्यांना रकाना वाचून दाखवला. मला वाटतं, मला त्यांनी रागवायला हवं होतं.

“नाय लिहा,” ते म्हणाले.

“पण तुम्ही सांगितलं होतं.”

“सांगितलं. पण हळू सांगितलं.” ते पायाच्या प्लास्टरकडे बघत होते. “ओरडायला पायजे होतं. मागल्या वर्षी हसले, ते मनाला लागलं होतं माझ्या. म्हणून नाय ओरडलो. तुमचं एकटीचं नाय ते, ताई.”

आजवर ते मला मॅडम म्हणायचे. मी ‘नाही’ लिहिलं. खाली सही केली. त्यांनी साक्षीदाराच्या जागी आपली केली, अक्षरं एकेक करून, शाळकरी पोरासारखी.

त्यांना सोडायला विमानतळावर मी आणि जुई गेलो. कंपनीने गाडी दिली होती, माणूस दिला नव्हता. व्हीलचेअरवर बसून ते इकडेतिकडे बघत होते. मांडीवर खजुरांचा डबा आणि गावच्या देवळासाठी घेतलेला घड्याळाचा खोका. जुईने आपणहून वाकून नमस्कार केला. प्लास्टरच्या पायाला हात लावावा की नाही, हे तिला कळेना. तिने दुसऱ्याला लावला.

“शिक चांगली,” ते म्हणाले. “दगडांचंच शिक.”

ढकलणारा कर्मचारी घाईत होता. वळताना त्यांनी हात केला, आणि मग गर्दीत फक्त त्यांच्या खोक्याचा कोपरा दिसत राहिला.

पार्किंगमध्ये जुई थांबली. “आई, त्या फॉर्मवर तू काय लिहिलंस?”

फॉर्मचं आणि त्या सूचनेचं तिला कोणी सांगितलं मला माहीत नाही. मी खोटं बोलू शकले असते. मी खरं सांगितलं.

“बट ही टोल्ड यू,” ती म्हणाली. आवाज न चढवता.

नेहमी ती माझ्या शेजारी बसते, गाणी लावते, एसीवरून भांडते. त्या दिवशी तिने मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसली. अल बर्शातलं आमचं घर येईपर्यंत मला ती आरशात दिसत होती. तिने पट्टा लावला होता, हात मांडीवर होते, आणि एकदाही तिने आरशाकडे बघितलं नाही.