उदयसिंग ‘येतो’ म्हणाले

जानराव पडघान यांच्या शब्दाला कारंज्यात घड्याळाइतका मान होता. तीस वर्षं त्यांनी एका शाळेत शिपाई म्हणून घंटा वाजवली, आणि ती ना मिनिटभर आधी वाजली ना नंतर. मास्तर उशिरा आला तर हजेरीत उशीरच लिहायला लावत, मग तो हेडमास्तरांचा जावई का असेना. “जानराव म्हनते म्हनजे झालं,” असं लोक म्हणत. थोडं कौतुकानं, थोडं वैतागून. खोटं न बोलण्याचं शील बाकीची मंडळी बुद्धविहारात म्हणत आणि तिथंच ठेवून येत. हा गडी ते घरी घेऊन येई. भाजीत मीठ कमी पडलं तर पंगतीतसुद्धा सांगे. त्यांची बायको गंगू म्हणे, “या मानसाले पाहुन्याईत बसवाची सोय नाही.”

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एकच काम उरलं, मैदानं आखायचं. दोरी ताणून, कमरेत वाकून चुन्याच्या फक्कीची सरळ रेघ मारावी तर जानरावांनीच. यंदाच्या फुटबॉल स्पर्धेत संयोजकांना भलताच जोर चढला होता. त्यांनी मैदानाभोवती पत्रे ठोकले, बांबूच्या गॅलऱ्या बांधल्या आणि त्या कोंडवाड्याला स्टेडियम म्हणू लागले. समोर रस्त्याकडे मोठं गेट. मागे, एसटी स्टँडच्या बाजूला, एक अरुंद लोखंडी जाळीचं फाटक. अंतिम सामन्याच्या दिवशी रेघा मारून झाल्या तसं जानरावांच्या छातीवर बिल्ला लावला आणि त्यांना आतल्या बाजूनं या फाटकावर उभं केलं. गंगूही आली होती. नवऱ्यानं आखलेल्या मैदानावर खेळ कसा होतो, ते तिनं चाळीस वर्षांच्या संसारात एकदाही पाहिलं नव्हतं.

सामना कारंजा आणि अकोल्याचा. मंगरूळपीर, मानोऱ्याहून लोक आले, हजाराच्या जागेत पाच हजार कोंबले गेले. शेवटी शेवटी मागच्या फाटकातून फुकटे घुसायला लागले. तेव्हा संयोजक उदयसिंग तरातरा आले, बाहेरून फाटक ओढलं, कुलूप घातलं आणि चाबी खिशात टाकली. प्रमुख पाहुण्यांना वाशीमला सोडायचं होतं, गाडी सुरूच होती.

“पाहून घेजा, जानराव. येतो मी,” जाळीतून एवढं म्हणून ते गाडीत बसले.

आता आपल्याकडे निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ते अभद्र. शेजारच्या गल्लीत निघालेला ‘येतो’ म्हणतो आणि कायमचा गाव सोडणाराही ‘येतो’च म्हणतो. उदयसिंग निरोप घेत होते. पण ज्याच्या खिशात चाबी तो येतो म्हणाला म्हणजे येणारच, असं जानरावांनी धरलं. स्वतः ते तसंच वागले असते.

कारंजा पेनल्टीवर जिंकलं आणि मैदान उसळलं. मंगरूळची बस सातला होती, त्यामुळे गावोगावचे लोक स्टँडच्या बाजूचं फाटक जवळचं म्हणून तिकडेच वळले.

“काका, उघडा ना.”

“चाबी उदयसिंगभाऊपाशी हाय. येतो म्हनून गेले. थांबा जरासे.”

दुसरा कोणी असता तर लोकांनी त्याला दोन शिव्या हासडून मोठ्या गेटची वाट धरली असती. पण जानराव म्हणत होते, म्हणून थांबले. जानरावांनी उदयसिंगांना फोन लावला, तो वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला.

गंगू जाळीला टेकून उभी होती. तिनं मागे पाहिलं. “अवो, तिकून मोठ्या गेटनं जाऊ का मी?”

“नको. येऊनच राह्यले ते. थांब.”

ती थांबली.

मागून ढोल लागले, गुलाल उडाला. मागच्यांना फाटक बंद असल्याचं दिसत नव्हतं आणि “मागं सरका” हे पुढच्यांचं ओरडणं ढोलात कुणाला ऐकू गेलं नाही. जानरावांनी जाळीतून हात घालून कुलूप दगडानं ठोकायला पाहिलं, पण हात मनगटाच्या पुढे जाईना. रेटा वाढला तसे ते खांबाच्या आडोशाला दाबले गेले, म्हणून वाचले. मग फाटक बिजागऱ्यांसकट बाहेर कोसळलं आणि लोक त्यावरून तुडवत बाहेर पडले, कारण थांबणं कुणाच्याच हातात राहिलं नव्हतं. जागा मोकळी झाली तेव्हा गंगू जाळीवर पालथी पडली होती. अकरा जण जखमी झाले, ते जगले. गंगू दवाखान्यापर्यंतही पोहोचली नाही.

गंगूच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी जानरावांना जबाबाला बोलावलं. मुलगा नरेंद्र वाशीमला नोकरीला होता, तो सोबत आला. ठाण्याच्या पायरीवर त्यानं बापाला अडवलं.

“बाबा, एकच शब्द. ‘परत येतो’ म्हनाले, एवढंच सांगा. उदयसिंग म्हनून राह्यला, मी तं निरोप घेतला, लोकाईले जानरावनंच अडवून ठेवलं. अशानं तो सुटते.”

“परत नाही म्हनाले ते.”

“आईसाठी म्हना.”

मुलाचं ऐकावं असं जानरावांना मनापासून वाटत होतं. उदयसिंगांचा राग त्यांनाही होताच. आणि राग यावा असंच ते कृत्य होतं; पाच हजार माणसं आत असताना कुलूप लावून चाबी खिशात घालून जाणाऱ्याची आरती कोण ओवाळेल?

हवालदार फुलचंद यांनी कागद ओढला. “उदयसिंग नेमकं काय म्हनाले?”

“येतो म्हनाले.”

“परत येतो?”

“नाही. येतो,” जानराव म्हणाले. शेजारी बसलेल्या नरेंद्रानं मान खाली घातली.

“बरं. करा सही.”

“अजून हाय. कुलूप त्याईनं लावलं, ते लिवा. चाबी घेऊन गेले, तेही लिवा. आन गंगू मोठ्या गेटनं जाऊन राह्यली होती, तिले मी थांब म्हटलं.”

फुलचंदांनी पेन उचललं. “काका, हे कायले? सारं तुमच्यावरच येईन.”

“लिवा.”

नरेंद्र खुर्ची सरकवून बाहेर निघून गेला. फुलचंदांनी लिहिलं आणि रीतीप्रमाणे वाचून दाखवायला घेतलं. शेवटच्या ओळीशी त्यांनी कागद खाली ठेवला, तेव्हा ती जानरावांनीच पुरी केली, “मी थांब म्हटलं, म्हनून माही बायको थांबली.”