लसवाल्या काकू

काकूंना हे काम लागलं ते योगायोगानेच. त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, घरामागे पहिल्यांदा दोनशे पिल्लं पाळायला घेतली होती. लस द्यायला येणारा माणूस ठरल्या दिवशी आलाच नाही, आणि बर्फाच्या डब्यात लसीची बाटली तर येऊन पडलेली. ताईने सरळ बहिणीला बोलावणं धाडलं.

"तुझा हात शिवणाचा आहे. तूच सोड थेंब," ती म्हणाली.

काकू तेव्हा तिशीच्या आतल्या. नवऱ्याच्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करायच्या. त्यांनी एक पिल्लू डाव्या मुठीत धरलं, अंगठ्याने त्याची मान हलकेच वळवली आणि डोळ्यात एक थेंब सोडला. पिल्लाने पापणी मिटली, जरा वेळाने चोच उघडली, तर आतली जीभ निळी. लसीत मुद्दाम रंग घातलेला असतो. जीभ निळी झाली की थेंब आत पोचला असं समजायचं. त्या सकाळी दोनशे पिल्लं झाली आणि काकूंनी जवळपास प्रत्येकाची जीभ पाहिली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "काजं करण्यापेक्षा हे बरं. निदान समोरचा काहीतरी बोलतो तरी."

नवरा मशीनवरून मान न उचलता म्हणाला, "मी बोलत नाही असं म्हणायचंय का?"

"तुम्ही मोजमाप बोलता."

पुढच्या दहा-बारा वर्षांत कोंबड्यांचा धंदा असा काही फोफावला की बघता बघता गावाच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी पत्र्याची लांबच लांब छपरं उभी राहिली. शहरातली खाणारी तोंडं वाढली, आणि रोज पहाटे अंड्यांच्या ट्रेंनी भरलेल्या गाड्या गावाबाहेर पडू लागल्या. ताईचं घरामागचं खुराडं जाऊन तिथे आठ हजार कोंबड्यांची शेड झाली आणि तिचा कारभार भावोजींकडे, म्हणजे ताईच्या नवऱ्याकडे आला. काकूंच्या हाताखाली चार बायका तयार झाल्या. पाचजणी मिळून सकाळच्या गारव्यात एका शेडमध्ये शिरायच्या आणि ऊन चढायच्या आत बाहेर पडायच्या. आता त्यांना कोणी शिंपीणकाकू म्हणत नव्हतं. लसवाल्या काकू हेच नाव पडलं.

कामात त्या कडक होत्या. एका मालकाने बाटली खिडकीत उन्हाला ठेवलेली पाहिली तेव्हा त्यांनी ती उचलून त्याच्याच हातात दिली. "ही लस मेली. आता हिच्यापेक्षा साधं पाणी सोडलेलं काय वाईट?" मालक म्हणाला, थोडंच तर ऊन लागलंय. काकू बायकांना घेऊन घरी परतल्या. मालक चार दिवस गावभर कुरकुरत हिंडला आणि पाचव्या दिवशी नवी बाटली बर्फात घालून स्वतः दारात आला.

अशी वीसेक वर्षं गेली. मग ते उन्हाळ्याचे दिवस आले, ज्यांची आठवण काकू आपणहून कधी काढत नाहीत.

दूरच्या एका भागात कोंबड्यांवर साथ आल्याची बातमी होती. काकू ताईकडे सहज म्हणून गेल्या होत्या. भावोजी शेडच्या दाराशी उभे होते आणि नेहमीसारखं "ये, बस" म्हणाले नाहीत. काकूंनी आत डोकावलं. पाण्याच्या नळीखाली कोपऱ्यात अकरा कोंबड्या मरून पडल्या होत्या. त्यांचे तुरे जांभळे पडले होते. ट्रेमधली अंडी हातात घेतली तर कवच मऊ, बोटाने दबेल असं.

"ऊन लागलंय," भावोजी म्हणाले. "दुपारी व्यापाऱ्याची गाडी येतेय. जुन्या कोंबड्या भरून देतो, म्हणजे गर्दी कमी होईल."

"उन्हाने तुरा असा होत नाही, भावोजी."

"तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही. म्हणूनच डॉक्टरांना बोलवायचं."

भावोजींचा चेहरा उतरला. "डॉक्टर आले तर एकही ठेवणार नाहीत. ठाऊक आहे ना तुला?"

काकूंना ठाऊक होतं. या शेडचं पहिलं पिल्लू त्यांच्या मुठीतून गेलं होतं. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई ओट्यावर बसून पदराच्या टोकाला गाठी मारत होती आणि सोडत होती. तिने मान वर केली नाही, पण नको असंही म्हणाली नाही. काकूंनी तिथल्या तिथे सरकारी पशुवैद्यांना फोन लावला आणि मग फाटकाची कडी घालून समोर खुर्ची टाकून बसल्या. दुपारी गाडी आली. "आज माल नाही," एवढंच काकू म्हणाल्या. गाडीवाल्याने भावोजींना हाक मारली. भावोजी घरातून बाहेर आलेच नाहीत. गाडी रिकामी गेली.

तपासणीत साथच निघाली. दोन दिवसांत अंगभर पांढरे पोशाख घातलेली माणसं आली आणि शेड रिकामी झाली. शेजारच्या दोन शेडही त्यात गेल्या. तिथेच साथ अडली. रस्त्याच्या पलीकडे एक कोंबडी दगावली नाही. डॉक्टर म्हणाले, ती गाडी भरून गेली असती तर साथ कुठे कुठे पोचली असती याचा नेम नव्हता.

पण गावात वेगळीच कुजबुज सुरू झाली. शेडशेडमधून फिरतं कोण? काकूच ना? मग साथ आणली कोणी? हे काकूंच्या कानावर आलं तेव्हा त्यांना राग आला नाही. आली ती धास्ती. त्यांनी दुकानात नवऱ्याशेजारी बसून कोणत्या दिवशी कुठे गेलो होतो ते सगळं आठवून काढलं. भावोजींच्या शेडमध्ये त्या आधीच्या महिन्याभरात पाऊलही टाकलं नव्हतं. डॉक्टरांनीही सांगितलं की शेडमागच्या तळ्यावर रानबदकं उतरतात, त्यांच्यापासून लागण झाली असावी. काकूंनी विचारलं, "पण डॉक्टर, माझ्या चपलेतून जाऊ शकते ना?"

डॉक्टर म्हणाले, "जाऊ शकते."

"मग झालं."

त्या दिवसापासून काकूंनी नियमच घातला. प्रत्येक शेडवर त्यांच्या पाचजणींसाठी रबरी बुटांचे वेगळे जोड हवेत, दारात औषधाच्या पाण्याची परात हवी आणि शेडचे कपडे शेडवरच धुतले गेले पाहिजेत. कपडे नवऱ्याने शिवून दिले, सगळे एकाच मापाचे. पाचजणींतली एक ठेंगणी होती. तिच्या बाह्या गुडघ्याला लागत. ती म्हणायची, "काका, मला बघून कोंबड्याच घाबरतात." काका म्हणायचे, "अंडी वाढली तर सांग."

सगळ्यांत जड गेलं ते भावोजींचं. चौदा महिने ते काकूंशी एक शब्दही बोलले नाहीत. रस्त्यात समोरून आले तर दुकानांच्या पाट्या वाचत पुढे जायचे. शेड बंदच होती आणि ते कोंबड्यांच्या खाद्याचा टेम्पो चालवत होते. ताई मात्र दर आठवड्याला यायची, दुकानात बसून काजं करू लागायची, आणि नवऱ्याचा विषय दोघी बहिणी काढायच्या नाहीत. एकदाच ताई म्हणाली, "ते तुझ्यावर रागावलेले नाहीत गं. त्या दिवशी तो फोन स्वतः केला नाही, हे त्यांना गिळवत नाही."

मग एका सकाळी टेम्पो दुकानासमोर थांबला. भावोजी उतरले आणि आत येऊन उभेच राहिले.

"बसा ना," काकू म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही. चहा नको." मग ते बसले. चहा आला तो प्यायले, दुसरा कपही घेतला. काकांनी मध्येच टेप काढून त्यांच्या खांद्याचं माप घेतलं, का ते कोणी विचारलं नाही.

"सोमवारी पिल्लं येतायत," शेवटी भावोजी म्हणाले. "चारच हजार घेतोय. मागच्या बाजूला जाळी मारली, बदकं येऊ नयेत म्हणून. परात ठेवलीय. बूटही आणलेत." त्यांनी कप खाली ठेवला. "पाच जोड. तुझ्या बायकांची मापं ठाऊक नव्हती, सगळे मोठेच आणले."

"मोठे चालतील. आत कापूस भरू."

"मग सातव्या दिवशी ये."

"येते."

एवढंच बोलणं झालं. भावोजी गेल्यावर काकू मागच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या. काकांनी मशीन बंद ठेवलं. आतलं रडणं त्यांना ऐकू येत होतं.

पुढे यंत्रंही आली. पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की उबवणी केंद्रातच ट्रेवर लसीचा फवारा मारायचा, क्षणात शंभर पिल्लं. चारही बायका हवालदिल झाल्या. काकू स्वतः ते यंत्र बघायला गेल्या, तासभर उभ्या राहिल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "चांगलं आहे. आपल्यापेक्षा भरभर करतं आणि आपल्यासारखं कंबर धरून बसत नाही." खाण्याच्या कोंबड्यांचं बरंचसं काम त्या यंत्राने नेलं. पण अंड्यांवरच्या कोंबड्यांना पुढे सुई द्यावीच लागते, एकेक कोंबडी धरून, आणि तिथे अजून हातच लागतो. पाचजणींना तेवढं पुरून उरतं. त्या उबवणी केंद्रानेही काकूंना बोलावून घेतलं. आठवड्यातले दोन दिवस त्या तिथे नव्या मुलींना पिल्लू धरायला शिकवतात.

आता काकूंचे केस पांढरे झालेत. काका म्हणतात, पुरे आता. काकू हो म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी डबा भरून निघतात. परवाच एका नव्या मुलीच्या हातून पिल्लू निसटलं आणि टेबलाखाली पळालं. ती कानकोंडी झाली.

"घाबरू नको," काकू म्हणाल्या. "तू गच्च धरलंस. आवळलं की त्याला सुटावंसं वाटतं. हात नुसता त्याच्याभोवती असू दे."

मुलीने वाकून पिल्लू उचललं आणि या वेळी हलक्या मुठीत धरलं. ते गप बसलं. काकूंनी मान डोलावली आणि बसायला खुर्ची मागितली. सकाळपासून गुडघा कुरकुरत होता.