सरबदार आणि आमची गावकी

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पाळीची नोकरी करून मी बाहेरून इतिहासाचं एम.ए. करत होते. मोठ्याने वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही, त्यामुळे माझ्याबरोबर घरातली भांडीकुंडीही परीक्षेला बसायची.

त्या संध्याकाळी धडा होता इराणच्या सरबदारांचा. मंगोलांचं राज्य. एकाच पिकावर पुन्हा पुन्हा कर, वर वेठ, आणि सरकारी माणसं आली की त्यांना घरात ठेवून पोसायचं. खुरासानातल्या एका खेड्यात अशा पाहुण्यांनी आधी दारू मागितली, मग घरातल्या बायका. घरच्या दोघा भावांनी तलवारी उपसल्या. डोकं फासावर गेलं तरी चालेल, पण हे नाही, म्हणाले. सरबदार, म्हणजे ‘डोकं फासावर’, हे नाव त्यावरूनच पडलं.

बाबा पडवीत दाव्याला पीळ देत बसले होते. त्यांचे हात थांबले.

"दोघंच व्हते, का मागनं गाव आला?"

"गाव काय, अख्खा मुलूख उठला, बाबा. पुढे स्वतःचं राज्य केलं त्यांनी."

बाबांनी दावं अर्धवटच बाजूला ठेवलं.

वेठ आमच्या गावातही होती, फक्त तिला रीत म्हणायचे. मानकऱ्यांच्या आंब्याच्या बागेतलं गवत काढायला घरटी एक माणूस फुकट जायचा. यंदा शेजारच्या काकूंनी जायचं नाकारलं. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला, स्वतःची गुडघेदुखी. गावकीने त्यांना वाळीत टाकलं. त्यांच्या घरचं पाणी जो पिईल, तोही वाळीत. त्या सभेत सगळ्यांसारखी बाबांनीही मान हलवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून निघाले. आईने ओळखलं.

"अवो, पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर कशाला?"

"चाय पिऊन येतो," ते म्हणाले.

काकूंच्या अंगणात, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असं बसून त्यांनी बशीत ओतून सावकाश चहा घेतला. आयुष्यात कधी कुणाला नाही न म्हटलेला माझा बाप! मला तो त्या भावांपेक्षा मोठा वाटला. त्यांच्या हातात निदान तलवारी तरी होत्या.

दुपारपासून आमच्याकडेही माणसं यायची बंद झाली. शिमग्याला देवाची पालखी घरोघर नारळ घेत नाचली आणि आमच्या व काकूंच्या दारावरून न थांबता पुढे गेली. आई आत रडत होती. बाबांनी अंगणातूनच देवाला हात जोडले आणि दगडी गडग्यापलीकडे काकूंना हाक मारली,

"वैनी, तुमचा नारळ घेऊन हिकडं या. दोन्ही घरांचा मिळून फोडूया."