चोरलेला महिना

अनीपाने सुनेचा एक महिना चोरला, पण तो कुणाच्या वाईटावर नव्हे. बुरुलला दिवस गेल्याचं कळताच तिने साऱ्या वस्तीला एक महिना कमी सांगितला. आमच्या डोंगरात सगळ्याच सासवा हे करतात. खरा महिना कळला की वाईट नजरेला नेम धरता येतो, म्हणून तिला आधीच चकवायचं. अनीपाची स्वतःची पहिली दोन मुलं पाळण्यात निजण्याआधीच गेली होती. शेजारणींनी पोटाचं कौतुक केलं होतं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. त्या दोन्ही हिवाळ्यांत तिच्या अंगात रक्त नव्हतं आणि शेवटपर्यंत ती बर्फातून पाण्याच्या बादल्या ओढत होती, हे लक्षात ठेवायची गरज कुणालाच वाटली नाही.

वस्तीशी खोटं बोलली तोवर ठीक होतं. घात झाला तो गावच्या दवाखान्यात. गुलसून नर्सने कितवा महिना म्हणून विचारलं. बुरुल तोंड उघडणार, तोच अनीपाने सवयीने थाप ठोकून दिली. सासू बोलली की सुनेने दुरुस्ती करायची नसते, तेव्हा बुरुल खाली बघत राहिली. रक्त कमी आहे म्हणून गुलसूनने लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत असं बजावलं, आणि उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन सगळी वस्ती वर राहायला जाते, त्या कुरणावरून खाली कधी उतरायचं ते त्या खोट्या महिन्यावरून ठरवून दिलं.

अनीपाचा मनातल्या मनात हिशेब पक्का होता. आपण त्याआधीच उतरू, कुणाला काय कळतंय. गोळ्या ती स्वतः समोर बसून द्यायची, चहाची किटली तेवढा वेळ लांब ठेवायची, सुनेला बादली उचलू द्यायची नाही. पण आज लोकर कातरायची, उद्या घोड्यांचं दूध काढायचं, परवा नवऱ्याची कंबर धरली. पुरुषाची कंबर धरली की अख्खं घर थांबतं, बाईचं पोट मात्र थांबायला तयार असावं लागतं. उतरायचं राहून गेलं.

एका सकाळी बुरुल कणीक मळता मळता परातीवरच वाकली. अनीपा धावत बाहेर आली. मुलगा एमिल रशियात बांधकामावर, नवरा मेंढ्यांमागे. शेजारच्या तंबूतल्या सागिनबायकडे जीप होती. तो आधी टेकाडावर चढून फोनवर गुलसूनशी बोलला आणि उतरताना तोंड पाडूनच आला. आठव्यातलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं, खालच्या प्रसूतिगृहात त्याची सोय नाही, कळा लांब लांब आहेत तोवर घाट ओलांडून थेट शहरात न्या, असं ती म्हणाली होती.

मागच्या सीटवर बुरुल मध्ये, एका बाजूला अनीपा, दुसऱ्या बाजूला सागिनबायची बायको राइकान. अनीपा जिच्या नजरेला सगळ्यात जास्त भ्यायची, ती हीच.

“आठव्यातच एवढं?” राइकान बुरुलची पाठ चोळत म्हणाली. “शिंगरू ठेवलंय का गं अनीपा, तुझ्या सुनेने आत?”

“शिंगरू असेल नाही तर उंट असेल. तू पाठ चोळ.”

पूल आला. डावीकडे प्रसूतिगृह अगदी हाकेवर, उजवीकडे अर्ध्या दिवसाचा घाट. सागिनबायने गाडी उजवीकडे घातली. आता बोलावं, अनीपाला वाटलं. पण बोललं तर राइकानच्या कानावर जाणार, आणि नेमक्या आजच्या दिवशी. न बोलावं तर हे पोर घाटात, दगडधोंड्यांत जन्मणार. तिला तिची दोन आठवली. तेवढ्यात पुढची कळ आली, मागची ओसरली न ओसरली तोच. बुरुलने सासूचं मनगट आवळलं.

“आई, तुम्ही सांगा. नाही तर मी सांगते.”

घरात आल्यापासून ती कधी असं बोलली नव्हती. अनीपाने पुढे वाकून सागिनबायचा खांदा धरला.

“गाडी वळव. नववा भरलाय. मी खोटं सांगितलं होतं.”

गाडी थांबली. राइकानचा हात पाठीवरच राहिला.

“माझ्यापासून लपवलंस?”

“तुझ्यापासूनच.”

राइकान पुन्हा पाठ चोळायला लागली. “माझ्या धाकटीच्या वेळी मी तुला दोन कमी सांगितले होते,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, आणि नवऱ्यावर खेकसली, “वळवतोस का इथंच बाळंतपण करू?”

प्रसूतिगृहाच्या दारात सुईणीने कितवा महिना म्हणून विचारलं आणि सवयीने अनीपाकडेच पाहिलं. अनीपाच्या तोंडाशी पुन्हा ‘आठवा’ आलं होतं. ते तिने गिळलं.

“तिला विचारा. पोट तिचं आहे.”

बुरुलने भिंतीला धरून खरा महिना सांगितला. रक्त कमी होतं हेही सांगितलं. सुईणीने पोट चाचपलं, डोकं खाली आहे म्हणाली, रक्ताची तयारी ठेवायला आत हाक मारली आणि दार लोटलं.

राइकानने चहाला बोलावलं, अनीपा हलली नाही. दाराआडून सुईणीचे प्रश्न ऐकू येत होते: पाणी कधी गेलं, डोकं दुखतंय का, बाळ हलतंय का. बुरुल एकेकाचं उत्तर देत होती, मोठ्याने. एखादं उत्तर यायला उशीर झाला की अनीपा दाराला कान लावायची.