झोपेतले श्वास

मी मुळात कमी बोलणारा. या स्वभावाचा मी फार दिवस आडोसा केला, म्हणून आता लिहूनच टाकतो.

बदली होऊन चंदीगडला आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षी मुलीने सेक्टर बावीसच्या बाजारातून एक तपकिरी पिल्लू उचलून आणलं. इथल्या डासांमुळे कुत्र्यांच्या हृदयात जंत होतात, महिन्याला एक गोळी चुकवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. लक्षात राहावं म्हणून आम्ही ती बायकोच्या संकष्टीला बांधून टाकली. पण गोळीला मटणाचा वास, आणि उपासाच्या दिवशी बायको तिला हात लावेना. काम माझ्याकडे आलं.

हिवाळ्यात एका संकष्टीला मी गोळी दिली नाही. एवढ्या धुक्यात डास कुठले? बायकोने देवापुढूनच विचारलं, "दिलीत ना?" मी हो म्हणालो. एकदा हो म्हटल्यावर पुढच्या 'हो'ला फारसा जोर लागत नाही. उन्हाळा आला, पावसाळा गेला, गोळ्या माझ्या कपाटात तशाच राहिल्या.

मग कुत्री खोकायला लागली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोली रेगुलर है ना जी?" मुलगी शेजारी उभी होती. मी म्हणालो, "पक्का." त्यामुळे जंतांची शंका त्यांनी बाजूला ठेवली आणि कितीतरी दिवस नुसत्या खोकल्याचं औषध चाललं.

शेवटी सोनोग्राफी झाली. खोलीत पडदे ओढलेले, मशीनच्या स्क्रीनवर करड्या पाण्यात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. ते तिचं हृदय. शेजारच्या रक्तवाहिनीत दोन बारीक रेघा, तळ्यात बुडालेल्या केसासारख्या, संथ हलत होत्या. मला ते सुंदर वाटलं, हेही सांगायला हवं.

"गोली खाकर भी हो गया," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "कंपनी को लिखना पड़ेगा."

पाठीत इंजेक्शनं सुरू झाली. जंत मरतात, पण त्यांचे तुकडे फुप्फुसात अडकू शकतात, म्हणून धावणं बंद. रोज ती झोपली की मिनिटाचे श्वास मोजायचे. तिसाच्या वर गेले तर लगेच फोन. सुट्टीच्या दुपारी मी व्हरांड्यातल्या हिवाळी उन्हात तिच्याशेजारी चटईवर आडवा व्हायचो. बरगड्या वर यायच्या, खाली जायच्या. मोजता मोजता माझाही श्वास तिच्या लयीत जायचा, डोळे जड व्हायचे, बाहेरचा रस्ता दूर दूर सरकायचा, आणि कोणता श्वास कोणाचा तेच कळेनासं व्हायचं. त्या गुंगीत मला वाटायचं, काही घडलेलंच नाही.

अशाच एका दुपारी मुलगी लॅपटॉप घेऊन बाहेर आली. इथे आल्यापासून ती घरातही हिंदीच बोलते.

"बाबा, गोली का डिब्बा दो. कंपनी को मेल कर रही हूँ, बैच नंबर चाहिए. छोड़ूँगी नहीं इनको."

"डॉक्टर लिहितील ना," मी म्हणालो.

"वो भी लिखेंगी. दो ना यार."

मी आत गेलो आणि खोकं आणून तिच्यासमोर ठेवलं.

"ये तो भरा हुआ है."

"मी दिल्याच नाहीत. गेल्या हिवाळ्यापासून."

बायको दारात उभी होती. "आणि मी दर संकष्टीला विचारत होते ते?"

"हो म्हणायचो."

"किती सहज हो म्हणत होतात हो," ती म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

मुलीने लॅपटॉप मिटला. "डॉक्टर को पता है?"

"नाही."

तिने फोन लावला आणि स्पीकर चालू करून माझ्या हातात दिला. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत मी सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "पहले बता देते तो हम जल्दी शुरू करते, जी. आज की गिनती कितनी है?"

मी काही बोलणार तेवढ्यात मुलीने तळहात दाखवून मला थांबवलं. ती कुत्रीवर वाकली होती, ओठ हलत होते. पूर्ण मिनिटभर ती श्वास मोजत राहिली.

"अट्ठाईस," ती फोनकडे बघत म्हणाली.

अजून एक इंजेक्शन बाकी आहे. कुत्री वाचेल की नाही, आज कोणी सांगत नाही. माझ्या आकड्यांवर आता घरात कोणाचा विश्वास नाही, म्हणून मुलगीच मोजते. मी वही घेऊन बाजूला बसतो आणि ती सांगेल तो आकडा लिहितो.